गुहा झाडून ठेवलीय

(गावावरच्या डोंगरातली जुनी गुहा, दुपार. म्हातारी होग्ला केर काढते आहे. तिचा मुलगा शेमीदा धापा टाकत दारात आला आहे.)

शेमीदा : अगं आई, पुरे! सकाळपासून ही तिसरी घागर वर आणलीस. गाव हसतंय.

होग्ला : हसू दे. आत ये, वाकून. लहानपणी इथेच डोकं आपटलं होतंस, खोक आहे अजून कपाळावर.

शेमीदा : उंटवाले लुटारू जाऊन वीस वर्षं झाली. परमेश्वराने उभ्या केलेल्या आपल्या शास्त्याने, त्या पुढाऱ्याने, पार नदीपलीकडे हाकललं त्यांना. आता कशाला गुहा?

होग्ला : शास्ता गेला ना पण! त्याला पुरून महिना नाही झाला आणि खळ्यावर खड्डा खणलात. मी काय आंधळी आहे? अशेरादेवीच्या खांबासाठीच ना तो?

शेमीदा : सगळं गाव करतंय.

होग्ला : सगळं गाव शेण खातंय, म्हणून तूही पान मांडून बस!

शेमीदा : परमेश्वराला कुणी सोडलंय का? तो आहेच. पण तो लढाईचा. पाऊसपाणी, पोरंबाळं, ही तिची कामं. दोन वर्षं सातू वीतभर वाढला नाही. आणि नारा... लग्नाला बारा वर्षं झाली. विहिरीवर बायका तिच्या हातून पाणी घेत नाहीत, आई.

होग्ला : बायकोच्या आड लपू नकोस.

शेमीदा : खांबाला पहिलं तेल लावायचा मान आपल्या घराला दिलाय. तुझी ती चांगल्या तेलाची घागर—

होग्ला : शी! मान म्हणे! अरे, मीही लावलंय ते तेल. तुझा भाऊ यारीब पोटात होता, सासूबाईंनी नेलं होतं. मुलगा झाला म्हणून मी त्या लाकडाला मिठी मारली. त्याला मिसरूड फुटायच्या आत उंटवाले आले. सात वर्षं या बिळात उंदरांसारखे राहिलो, टोळ भाजून खाल्ले. इथेच सगळे ऊर बडवत होते, 'परमेश्वरा, चुकलो, पुन्हा नाही!' सगळ्यात मोठा गळा तुझा होता.

शेमीदा : पोर होतो मी.

होग्ला : यारीब काय म्हातारा होता? शास्त्याचं रणशिंग वाजलं तसा याच दारातून धावत गेला. परत आणला तो ओकाच्या झाडाखाली पुरायलाच.

शेमीदा : तो विषय नको आता.

होग्ला : दाढीत भुसा कसला रे?

शेमीदा : खांब तासत होतो.

होग्ला : कुठल्या झाडाचा?

शेमीदा : आई, उन्हं उतरायच्या आत खाली चल.

होग्ला : कुठलं झाड, शेमीदा?

शेमीदा : सरळ, जाड खोडाचं तेवढं एकच उरलं होतं. मुळांना हात लावला नाही. यारीबला धक्कासुद्धा लागला नाही, शपथ—

होग्ला : शपथ घेऊ नकोस! कुणाची घेशील? दूर हो. हात लावू नकोस मला, शिसारी येतेय तुझी. माझ्या लेकाच्या डोक्यावरची सावली तोडलीस तू!

शेमीदा : काय करू मग? उपटून टाकू तो खांब? गाव ठेचेल मला.

होग्ला : तू कसला उपटतोस! दुसऱ्याच कुणाचा तरी यारीब येईल उपटायला. तोही मरेल. मग तुम्ही त्याच्यासाठी रडाल, आणि त्याच्याही उशाचं झाड तोडाल.

शेमीदा : इथे एकटी मरशील गं.

होग्ला : एकटी कशी? सगळे येणारच आहात. जा आता. तेल मिळणार नाही.

शेमीदा : बरं. जातो.

होग्ला : थांब. ती डावीकडची चटई बघून ठेव. तुझी आणि नाराची आहे. शेजारी पाणी भरून ठेवलंय.

शेमीदा : आई...

होग्ला : येशील तेव्हा घाईत असशील. तरी वाकूनच ये.