सलूनवाले काका आणि लस

तर झालं काय, फ्लूच्या लशीच्या रांगेत आपल्या बबडीच्या पुढे एक सलूनवाले काका आणि त्यांची मुलगी. त्यांचं जे काय चाललं होतं ना, बबडीने मोबाईल खिशात टाकून सरळ कानच दिले! काका मागे वळून बबडीलाच म्हणाले,

"बाळ, तू हो पुढे. मला घाई नाही."

"बाबा, पुढे सोडलेली ही तिसरी! घाबरलात ना?"

"मी? छे!"

"जन्मभर लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवलात आणि सुईला घाबरता?"

"वस्तऱ्याची मूठ माझ्या हातात असते गं."

"आणि गिऱ्हाईकं तोंडावर शिंकतात, ते?"

"मी तोंड धुतो की!"

"तेवढ्याने भागत नाही. तुमची नात जेमतेम महिन्याची. सहा महिन्यांची होईपर्यंत तिला ही लस देत नाहीत. म्हणून घरच्यांनी घ्यायची."

"सगळ्यांनी मांडीवर घेतली तिला. सख्खा आजोबा तेवढा उंबऱ्याबाहेर!"

"सगळ्यांनी लस घेतलीये."

"बरं बाई. टोचून घेतो आणि संध्याकाळीच येतो तिला घ्यायला."

"संध्याकाळी कुठलं? लस अंगी लागायला दोन आठवडे जातात."

"दोन आठवडे? कधीपासून?"

"टोचल्यापासून."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं? इथे मी दानशूरासारखा नंबर वाटत बसलोय!"

पुढे झालेली बबडी पुन्हा त्यांच्या मागे सरकली.

आतून नर्सने हाक मारली, "पुढचं कोण?"

"मी, सिस्टर, मी! डाव्या हाताला टोचा नाहीतर उजव्या, पण आधी मला टोचा!"