मयताच्या गाडीचं माप

...आणि त्या पितळी किटलीचा कान! तुम्हीच सांगा, चहा तापला की कानही तापतो, मग धरायचं कशानं? तर म्हणे फडक्यानं. अहो, मग किटलीबरोबर फडकंही विका की! मी तसा गप्प बसणारा माणूस, आमच्या घाटकोपरच्या चाळीत निम्मे लोक मला मुका समजतात, पण एखादी वस्तू वाईट केलेली दिसली ना, की ती मी मनातल्या मनात मोडून पुन्हा करतो. बसची पायरी घ्या. नऊवारीतल्या बाईनं, कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन, तिथवर पाय न्यायचा कसा? वरून कंडक्टर खेकसतो, "चलो बाई, जल्दी करो." पण ज्यानं ती पायरी तिथे ठोकली त्यानं आपल्या आईला बसमध्ये चढताना कधी पाहिलंच नाही काय? छत्री मिटवताना बोट चिमटतं, स्टोव्हची पिन भांडं उतरवल्याशिवाय मारता येत नाही... वापरणाऱ्याला कुणी विचारलंय? कुणी नाही!

आता तुम्ही म्हणाल, हा लवू कोण लागून गेला? कोणी नाही. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून पाठारेशेठच्या कारखान्यात आहे. चेसिस येते, म्हणजे गाडीचा नुसता सांगाडा, तिच्यावर आम्ही लाकडाची आणि पत्र्याची बॉडी चढवतो, ट्रकची, बसची. मी हेल्पर. पण माडीवर एक टेबल आहे, उतरत्या फळीचं, खिडकीकडे तोंड केलेलं. तिथे बसून गाड्यांचे नकाशे काढायचे. जुना नकाशेवाला पुण्याला गेल्यापासून ते रिकामं होतं, आणि मी रोज संध्याकाळी ते उगाचच पुसून ठेवायचो.

तर मुलुंडच्या एका मंडळाची ऑर्डर आली. मयताच्या गाडीची. मंडळाचे चिटणीस मार्तंडराव, सरकारी कचेरीत हेडक्लार्क, स्वतः आले. म्हणाले, स्मशान रेल्वेच्या फाटकापलीकडे, आणि तिरडी फाटकाशी पोचली की ते बंद झालंच म्हणून समजा. माणसं खांद्यावर भार घेऊन उभी, मालगाडी आपली डबे मोजत चाललेली, वर कचेरीत लेटमार्क. आता गाडीच करा. कारखान्यात अशा गाडीला हात लावायला कोणी तयार होईना. शेठ माझ्याकडे वळले. "लवू, तू काढ नकाशा. ही जमली तर टेबल तुझं."

तुम्हाला सांगतो, सांगायला लाज वाटते, पण मला आनंद झाला. कारण माझं दुखणं असं, की वापरणाऱ्याला विचारा म्हणून मी जगाला मनातल्या मनात ओरडून सांगतो, पण स्वतः विचारायला गेलो की माझी जीभ टाळूला चिकटते. आणि इथे असा उतारू होता, की ज्याला विचारायची सोयच नाही! तक्रार करणार नाही, घाई करणार नाही, पायरी उंच म्हणणार नाही...

माप स्वतःचंच घेतलं. फरशीवर आडवा झालो आणि आमच्या धाकू मिस्त्रीला म्हटलं, खडूनं रेघ मार. तो मालवणचा, हात कमी आणि तोंड जास्त. म्हणाला, "रे लवू, गाडी मुलुंडवाल्यांची आणि माप तुजा? शिंपी पण आधी गिऱ्हाईक बघता." पण मारली रेघ. मग मी त्या मापाची लाकडी फळी केली, तिला खाली बेअरिंगच्या छर्‍यांची चाकं, म्हणजे मागचं दार उघडून अडसराची खिटी वर केली की फळी एका बोटानं बाहेर. धक्का नाही, आवाज नाही. डोक्याखाली जरासा उंचवटाही ठेवला. धाकू म्हणाला, "उशी कोणाक?" मी म्हटलं, असू दे. खिडक्या ठेवल्या नाहीत, आतल्याला हवा कशाला? बाकही नाहीत. अशी झकास गाडी, शेठनं फळी ढकलून बघितली आणि पुन्हा एकदा ढकलून बघितली.

आणि पहिलेच गेले ते मार्तंडरावांचे थोरले भाऊ, अनंतराव.

शेठनं मला गाडीबरोबर पाठवलं. ड्रायव्हरनं गाडी दाराशी लावली. मी मागचं दार उघडून, खिटीला हात लावून उभा. माणसं तिरडी उचलून गाडीकडे वळली, तेवढ्यात मार्तंडराव आडवे आले. त्यांनीच मागवलेली गाडी बरं का! म्हणाले, "नको. यानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय. हा माझ्या खांद्यावरूनच जाईल."

वापरणाऱ्याला विचारलंय का, विचारलंय का म्हणून जन्मभर कुरकुरलो, आणि ही गाडी वापरणारा कोण, हेच मला कळलं नव्हतं... आतला नव्हेच हो, त्याला पोचवणारे! तो तर सुटला होता!

तर तिरडी खांद्यावरून पुढे आणि माझी गाडी रिकामी मागे, तिच्या बाजूनं मी चालत. थोडं चालल्यावर मंडळातले तीन म्हातारे दमले. रिकामी गाडी दिसतेय, म्हटल्यावर चढले. बाक नाही, म्हणून फळीवर बसले. खिडकी नाही, गुदमरायला लागलं, म्हणून मागचं दार उघडून टाकलं. खिटी टोचत होती, म्हणून एकानं ती वर केली. आणि समोर फाटक बंद! रस्ता तिथे रुळांकडे चढतो. गाडी चढावर थांबली, शेपटीकडे उतार... आणि फळी निघाली. धक्का नाही, आवाज नाही. तिघेही अलगद, पाय पुढे करून, भर रस्त्यात बाहेर! फाटकाशी बोरं विकणाऱ्या बाईनं गाडी बघून आधीच हात जोडले होते, ते तसेच राहिले. लोकांनी मागे वळून बघितलं. मार्तंडरावांनीही बघितलं, आणि त्यांचे खांदे गदगदायला लागले. तिरडी त्यांच्याच खांद्यावर, त्यामुळे अनंतरावही हलायला लागले. ते हसत होते की रडत होते, मला आजवर कळलेलं नाही.

तेराव्यानंतर मार्तंडराव कारखान्यात आले. रागावले नाहीत, उलट माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, गाडी हवीच. मात्र दोन्ही बाजूंना बाक टाका, खिडक्या पाडा, पायरी खाली घ्या, म्हातारी माणसं असतात. मी कसंबसं विचारलं, आणि... ज्यांना न्यायचं ते? तर म्हणाले, "ते पुढे खांद्यावरून येतील रे."

म्हणजे मुलुंडला आता मेलेल्या माणसाला पायी नेतात आणि जिवंत माणसं मयताच्या गाडीतून जातात. बाकांचा नकाशा काढायला शेठनं डिप्लोमावाला ठेवला, श्यामसुंदर म्हणून. टेबल त्याचं झालं. पुसतो मीच.

फळी तेवढी उरली. चांगलं सागवान, छर्रे नवे, टाकणार कोण? शेठ म्हणाले, ट्रकखाली शिरायला बरी आहे, आणि ते काम मला दिलं. आता दिवसभर त्या फळीवर उताणा पडून मी ट्रकांची पोटं बघतो. धाकू येता-जाता पायानं फळी आत ढकलतो आणि विचारतो, "काय रे, मापात बसली मा?"

बसली. तुम्हाला सांगतो, अगदी अंगाबरोबर बसली. डोक्याखालचा उंचवटा तर... काय सांगू! अख्ख्या मुंबईत वापरणाऱ्याला विचारून केलेली ही एवढी एकच वस्तू असेल, आणि तिच्याबद्दल बोलायला तोंड उघडलं, की वरून ट्रकचं तेल पडतं.