बन्सीलालच्या अर्जातला सातवा रकाना

अहो, उंची विचारा, छाती विचारा, लांबचं दिसतं का ते विचारा… विमान हाकायचंय, तेवढं आलंच! पण लग्न झालंय का हे कशाला विचारायचं, मी म्हणते? विमानाशी काय सोयरीक जुळवायचीय? पण नाही! साठ सालची गोष्ट, छापील अर्ज, मुंबईच्या विमान कंपनीचा, शिकाऊ पायलट पाहिजेत, आणि सातव्या रकान्यात ठळक लिहिलेलं, उमेदवार अविवाहित असावा. मी स्वतः वाचलं. पाकीट उघडंच होतं… म्हणजे वाफेवर धरलं की उघडत होतं. मला काय करायचंय म्हणा!

तर अर्ज करणारा कोण, तर आमच्या शेजारच्या सुकलालभाऊंचा बन्सीलाल. तापीकाठचं केळी-कापसाचं घर, पोरगा जळगावला इंटर सायन्स पास, आणि लहानपणापासून वेड एकच, घार दिसली की मान वर. आणि लग्न? झालेलं की! पोरगा बारा वर्षांचा असताना, पलीकडच्या काठच्या छगन पाटलांच्या जसोदाशी. मी आहेरात पितळेचा गंज दिलाय, झाकणासकट, झालं नाही कसं म्हणू? पण सुकलालभाऊंनी खाटेवर बसून निवाडा दिला, "लगीन व्हयेल शे, पन नवरी नांदाले कोठे येल शे? नही ना? मंग लिख, अविवाहित!" लिहिलं. सरपंचांनी तसा दाखलाही दिला. ह्याच सरपंचांनी त्या लग्नात अकरा लाडू खाल्ले होते, वाढायला मीच होते.

आता ही बातमी नदीपार कुणी नेली, ते मला विचारू नका. मी फक्त बाजारात एका बाईला म्हटलं होतं. आठव्या दिवशी दारात बैलगाडी! छगन पाटील ना उतरले, ना पाणी प्याले. जसोदाला उतरवलं, तिची पेटी उतरवली आणि म्हणाले, "व्याही, अर्जाले हाई बी जोडी द्या." गाडी वळवली नि गेले!

आणि जसोदा, तुम्हाला सांगते, आता अठराची झालेली, चालणं असं की डोक्यावर तीन हंडे असते तरी थेंब सांडला नसता. बन्सीलालनं आठ वर्षांनी पाहिली. त्या दिवशी डोक्यावरून दोन घारी गेल्या, पोराची मान काही वर झाली नाही. मला काय करायचंय!

आणि दुसऱ्याच दिवशी निरोप, चालचलणुकीच्या चौकशीला शहाद्याहून पोलीस जमादार येणार. झालं! सुकलालभाऊ हात जोडून उभे, "भाभी, पोरीले तुमना घर दपाडा, कोनले दिसाले नको. आन तुम्ही… तुम्ही बोलूच नका!"

मी कधी बोलते का? जसोदाची जोडवी काढून तांदळाच्या डब्यात टाकली, मंगळसूत्र पोलक्याच्या आत, डोक्यावरचा पदर खाली, आणि पोरीला बजावलं, आजच्यापुरती तू माझी भाची. आणि जमादार आला तो थेट कुणाकडे? माझ्याकडे! म्हणे चौकशी शेजाऱ्यांकडेच करायची असते. माझाच ओटा, माझीच खाट, समोर बन्सीलाल केसांना तेल चोपडून उभा. "मुलगा कसा?" चांगला. "व्यसन?" नाही. "लग्न?" … मी ओठ असे मिटले की दाढ ठणकायला लागली. मान हलवली. कुठल्या दिशेनं हलली, ते आजही सांगता येणार नाही. पण जमादारानं वहीत लिहिलं, अविवाहित. संपलं! विमान अगदी अंगणात येऊन उभं राहिल्यासारखं वाटलं मला!

तेवढ्यात आमच्या भाचीबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर. वळण चांगलं ना पोरीला! दारी आलेला माणूस तहानलेला कसा ठेवायचा?

जमादार पाणी प्याला, मिशा पुसल्या. "ही कोण?" भाची. "लग्नाची आहे?" मी पुन्हा मान हलवली, पुन्हा तशीच. "मग ऐका बाई. विसरवाडीच्या नाक्यावर माझ्या पुतण्याचं हॉटेल आहे, ट्रकवाले रांग लावतात. पोरगी मला पसंत आहे. येत्या आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या मुहूर्तावर, उरकून टाकू! काय रे बन्सीलाल, तू शेजारचा, कशी आहे मुलगी?"

जसोदानं तांब्या उचलायचा आणि आत जायचं की नाही? ती तिथेच उभी. बन्सीलालकडे एकदा पाहिलं तिनं, एकदाच. आणि मी? मी गप्प! जन्मात पहिल्यांदा गप्प! पोरगा लाल झाला, पांढरा झाला, आणि असा ओरडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली, "साहेब, ती मन्ही बायको शे!"

जमादारानं पेन्सिल जिभेला लावली, आधीचं खोडलं, 'विवाहित' लिहिलं, त्याखाली 'चालचलणूक उत्तम' लिहिलं, आणि अजून एक तांब्या मागितला.

आता बन्सीलाल शाळेत गणित शिकवतो, दोन लेकरं आहेत, सुखात आहे. पण त्या संध्याकाळी माझ्याकडे आला, मान खाली. "काकी, बायकोसाठी विमान सोडलं म्हटलं तर गाव हसेल हो. तुम्ही बोलून गेलात, असंच राहू द्या ना." घेतलं मी अंगावर! पोरासाठी! शब्द दिला, आणि चार दिवस पाळलासुद्धा. पाचव्या दिवशी काही राहवेना… देवळात, गिरणीत, नदीवर, जो भेटेल त्याला खरं काय ते सांगितलं. एकानं, अहो एकानं तरी विश्वास ठेवावा? म्हणतात, "काकी, बोललात तुम्ही, आणि आता नाव त्या गरीब पोराचं घेता?"