माझ्यामागे कोण ऐकतं

नाही हो, बॅटरी नाही — बॅटरी ठणठणीत आहे, मला शेंडी लावू नका. अंधांच्या लायब्ररीने पुस्तक वाचणारं यंत्र तपासायला माणूस पाठवला, बरं झालं, पण तुम्ही लोक आधी बॅटरीवरच घसरता. पुस्तक जिथे थांबवलं तिथून पुढे सुरू व्हायला हवं, बरोबर? सकाळी मी कारखान्यात खुर्च्या विणायला जातो तेव्हा गोष्टीतल्या डॉक्टरची बायको भांडत असते, संध्याकाळी येऊन बटण दाबतो तर ती माहेरी जाऊन परतसुद्धा आलेली. आणि मी भरभर ऐकतो, जुनी सवय — तर यंत्रातला हा बाबा एकेक शब्द सुटा करून वाचतोय, लहान मुलाला शिकवल्यासारखा. म्हणजे वेग कोणीतरी कमी करतं. तुम्हीच तिकडे बसून काही करत नाही ना? हसू नका, हसलेलं कळतं मला.

मग माझा संशय मेव्हण्यावर. खालच्या मजल्यावर राहतो, आमची किल्ली असते त्याच्याकडे, दिसेल त्या वस्तूला हात लावायची खोड. बायकोला म्हटलं, तर म्हणाली, तुमचा स्वभावच संशयी. ती काही यंत्र ऐकणार नाही — तिला गोष्टींचं वावडं. ती पेपरवाली, रोज सकाळी मला वाचून दाखवायची, छोट्या जाहिरातींसकट. हल्ली पेपर बंद केलाय, म्हणे बातम्यांत काही राम राहिला नाही. असेल. तर मी काय केलं — चोर पकडायचाच म्हणून बटणावर वेताची पट्टी ठेवली, खुर्ची विणतो ना, त्यातली. एक बाजू गुळगुळीत, एक खरखरीत. गुळगुळीत वर ठेवून गेलो. काल आलो, पट्टी जागच्या जागी, पण खरखरीत बाजू वर. सापडला, म्हटलं. मेव्हण्याला झाडायला निघालोच होतो — पण थांबा, गुळगुळीत बाजू चकाकते म्हणतात. डोळस माणूस ती उलटी कशाला ठेवेल, त्याला दिसतंच की. आणि आमच्यातला कोणी असता तर त्याच्या बोटांनाच कळलं असतं. म्हणजे ज्याला दिसत नाही, आणि बोटांनाही अजून कळत नाही, असा कोणी —

काय म्हणालात? नाही, घरात आम्ही दोघंच.

तुमच्याकडे येतात का हो असे, नवीन? सुरुवातीला सावकाशच ऐकतात ना? — सावकाशच ऐकतात. मीही तसंच ऐकायचो. रस्त्याने जाताना मी तिचा दंड धरायचो, लग्नापासून तसंच. हल्ली तीच माझा धरते. मला वाटलं, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय — खूश होतो मी, मूर्ख माणूस. मला सांगायचं सोडून चोरून शिकतेय, माझ्यापासून! मी काय तिला हसणार होतो? — भीती वाटते हो. पेपर ती वाचायची, गॅस ती बघायची, रस्ता ओलांडताना गाडी —

यंत्र चांगलं आहे. चांगलं आहे असंच लिहा. मी तिला काही विचारलेलं नाही, आणि तुम्हीही — गप्प, चहा घेऊन येतेय ती. तुमची बॅग दारातच टेकवलीत ना मघाशी? उचला ती. माझ्यासाठी नाही हो — उचला म्हणतो ना. आणि चहा झाला की निघा.