पाच आणि आठच्या मधलं

— त्या खुर्चीत नको, बाई, तिचं एक चाक निखळलंय, बसलं की माणूस कलंडतो. लवकर उठून जावीत अशी माणसं मी तिच्यात बसवते. तुम्ही इकडे या, माझ्या शेजारी. पाय जपून, खाली वायरींचा नुसता गुंता आहे. तुम्हाला बाईच म्हणते हं मी पण, सगळेच म्हणतात — तुमची भिंगरी तर सेटवर सारखी 'आमच्या बाई असं शिकवतात, आमच्या बाई तसं ओरडतात', मला तीन दिवस पत्ताच नव्हता की बाई म्हणजे तिची सख्खी आई. कशी आहे आता? हं. गुडघ्याची वाटी म्हणजे वेळ लागायचाच. तरुण हाड आहे, भरून येईल. येईल हो. मॅनेजरांचा फोन आला होता मला, की मुलीची आई येतेय, तिला ती क्लिप दाखव, मग चार वाजता ऑफिसात सही करायला पाठव. तोच ना कागद, हातात आहे तो? बघू. 'नर्तिकेने मोजणी चुकवून ठरलेल्या वेळेआधी उडी घेतल्यामुळे' — हो, अशीच भाषा असते त्यांची. ठेवा तो बाजूला, घडी मोडतेय.

दाखवते की, त्यासाठीच बसलेय. पण एकदम तेवढाच तुकडा दाखवला तर काही उमगणार नाही — म्हणजे तुमचं आयुष्य एक-दोन-तीन-चार मोजण्यात गेलंय, मी काय शिकवणार तुम्हाला, पण कॅमेऱ्याचं गणित निराळं असतं. आधी गाणं बघा. हे बघा, घर रिकामं होतंय, तुमची भिंगरी खोकी बांधतेय. गाण्यात घराचा उल्लेखसुद्धा नाही, गाणं आपलं नेहमीचंच, तू गेलास आणि मी राहिले. गोष्ट सांगितली ती कॅमेऱ्यानं. पहिल्या कडव्यात तो तिच्या खांद्यामागे आहे, ती जे बघते तेच आपण बघतो, म्हणजे न विचारता आपण तिच्या बाजूचे होऊन बसलो. दुसऱ्या कडव्यात तोच कॅमेरा दाराबाहेर जाऊन उभा राहिला — बघा, चौकटीत ती एवढीशी — कुणी तोंडानं सांगितलं का की हे घर आता तिचं नाही? नाही सांगितलं, पण कळलं. आणि ध्रुवपदाला कट, कट, कट, दर ठेक्याला एक, बघणाऱ्याला दम घ्यायला जागा नाही. आता हा कप बघा. रिकामा कप, लगेच तिचा चेहरा. रडवेली वाटतेय ना? त्या क्षणी ती मेकअपवाल्या मावशींना सांगत होती की पाठीत टाचणी टोचतेय, तेवढी काढा. कप तर दुसऱ्याच दिवशी घेतला, तोही माझाच, तो बघा तिथे पेनं ठेवलीत त्यात. कप आणि टाचणी शेजारी शेजारी ठेवली आणि ऑफिसातल्या लोकांनी त्यात विरह बघितला. हेच माझं काम, बाई. वीस वर्षं हेच करतेय. कॅमेरा सांगतो कुठे बघा, आणि मी ठरवते काय बघायचं नाही.

बरं, आता हे सांगा, इथून इथपर्यंत किती कट आहेत? एकही नाही म्हणता? तीन आहेत. कॅमेरा झर्रकन फिरला की सगळं पुसट होतं, बघा, रेघाच रेघा — त्या पुसटपणात मी एक शॉट संपवते आणि दुसरा लावते. शिवणकामात नाही का, टाका आतल्या बाजूनं घालतात, तसं. आणि पुसट म्हटलं की माझंच नाव घेतात सगळे. ती धुकट चित्रं, चेहरा हळूहळू स्पष्ट होत जातो — 'काय शैली आहे तुमची, ताई'. गेल्या वर्षी तर एकानं त्यावर लांबलचक लेख लिहिला, आठवणी अशाच धूसर असतात वगैरे. मी आपली मान डोलावली. झाकली मूठ सव्वा लाखाची, काय सांगणार? की बाबा रे, शॉटच धूसर आला म्हणून मी त्याला आठवण केलं, नीट आला असता तर —

काही नाही. कॅमेऱ्याला असं कधीकधी होतं. काच असते, हवा असते, धूळ असते. कोण चालवतो म्हणजे? माझा भाऊच. धाकटा, हो, सख्खा. तुम्हाला ठाऊक नव्हतं? मला वाटलं भिंगरीनं सांगितलं असेल, दोघांचं छान जमायचं, तिला चिडवायचा, म्हणायचा तू थांबलीस की मला चक्कर येते. आई गेली तेव्हा नऊ वर्षांचा होता तो, माझ्या पदराला धरून मोठा झाला, पहिला कॅमेरा मी त्याच्या हातात दिला. पोटच्या पोरासारखाच. आणि हात असा की खांद्यावर कॅमेरा घेऊन जिना उतरला तरी चित्र हलायचं नाही. मूळचा हुशार आहे, आता जरा डोळ्याचं — डोळ्यांवर ताण येतो म्हणत होते मी, सगळ्यांच्याच येतो, माझ्याही येतो, दिवसभर पडद्याकडे बघून काय होणार दुसरं? तुम्ही अशा बघू नका हो माझ्याकडे. लावते क्लिप.

मांडणी सांगते आधी. ती लाकडी चौथऱ्यावर उभी. हा खांद्यावर कॅमेरा घेऊन समोरून तिच्याकडे चालत येतो, एक ते पाच. पाचला कॅमेरा झर्रकन खिडकीकडे फिरवायचा, सहा-सात खिडकी दिसते, तेवढ्यात यानं मागे सरकून जमिनीवरच्या पांढऱ्या पट्टीवर जायचं, आणि आठला कॅमेरा परत तिच्यावर, आठलाच तिनं खाली उडी घ्यायची, मोकळ्या जागेत. दोघांची वेळ चुकता कामा नये. गाणं स्पीकरवर मोठ्यानं चालू असतं, त्यावरच सगळे मोजतात. बघा — चार, पाच, फिरला, आणि — उडी. सहाला. ऐकलंत ना गाणं? सहाच. दोन मात्रा आधी. तो बिचारा अजून मागे सरकतच होता, ती आली ती थेट कॅमेऱ्यावर. पुढचा आवाज मी बंद केलाय, लोक ओरडतात, ती ओरडते, आईला कशाला ऐकवायचं ते.

खिडकी? कसली खिडकी? हां, ती. दिसली की. झर्रकन गेली. नाही म्हणजे, ही आधीच उडाली म्हटल्यावर त्यानं घाईघाईनं कॅमेरा परत आणला, खिडकी दाखवत बसेल का तो? होतं हो असं. मुलगी नवखी, दिवसभराचं शूटिंग, अंगात उत्साह, गेली दोन मात्रा पुढे. कुणी तिला मुद्दाम दोष देत नाहीये. हो, कळतं मला. मोजणी कच्ची असा एकदा शिक्का बसला की नाचणारीला कुणी बोलावत नाही, हे मला नवीन नाही. पण चार दिवसांनी विसरतात लोक. विसरतात. म्हणजे काही जण विसरतात.

काय म्हणालात? कुणी दाखवली तिला? मॅनेजरनं? मोबाईलवर, दवाखान्यात? त्या माणसाला काही अक्कल — मला म्हणाला होता, फक्त ऑफिसात दाखवणार, चार माणसांना. आणि मग? ती काय म्हणाली? 'बाई, माझंच चुकलं असेल'? असं म्हणाली ती? दिवसभर पडल्या पडल्या मोजते? स्वतःशीच, आणि सहापाशी अडते? आणि तुम्ही सांगितलं तरी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही, म्हणते मी डोळ्यांनी बघितलं. हं. थांबा जरा. पाणी पिते मी. तुम्हाला हवंय? नको.

परत लावू? लावते. किती वेळा बघाल, बाई, ते काही बदलणार नाही. आवाज बंद करून? का? नाही, करते की, हरकत कसली. हे घ्या, आवाज बंद. तुमचं ते बोट टेबलावर वाजतंय मघापासून, माझं लक्ष तिकडेच जातंय. वाजवा, वाजवा. एक, दोन — कुठे बघू म्हणता? पायांकडे नको, मग? ओठ? ओठांचं काय? ती गात नाहीये इथे, इथे नुसतं वाद्यांचं — ओठ हलतायत तिचे. मोजतेय ती. तोंडानं मोजतेय. 'ओठांनी मोजू नकोस' म्हणून तुम्ही सहाव्या वर्षापासून ओरडताय तिला? आणि सुटलं नाही. तीन, चार, पाच — झर्रकन — आठ.

परत बघते हं मी. पाच. आठ.

पाच, आठ. आठच म्हणतेय. आणि उडी घेतेय.

शंभर वेळा बघितला हा तुकडा मी, बाई, डोळ्यांत तेल घालून बघितला. पाय बघितले, सावली बघितली, खिडकीचा उजेड कुठे पडतो ते जुळवलं, आणि ओठ नाही बघितले. आम्ही ओठ बघतो ते गाणं म्हणत असेल तेव्हाच, शब्दाशी जुळतात का तेवढंच. मुकाट्यानं कोण काय मोजतंय हे कोण बघतं? तुमचं बोट पाचवर थांबलं होतं, पहिल्याच वेळी, मी बघितलं होतं. तेव्हाच समजायला हवं होतं मला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, मी मघापासून बडबड करतेय ती उगाच नाही.

सांगते. दोन मात्रा मी काढल्या. पाचला कॅमेरा फिरतो तिथे कापलं, आठला परत येतो तिथे जोडलं, पुसटात टाका आतून. गाणं तसंच सलग ठेवलं, म्हणून उडी सहाला आल्यासारखी दिसते. मधल्या दोन मात्रांत खिडकी होती, आणि फिरताना कॅमेरा जरा खाली झुकला होता, तर जमीन दिसत होती. पांढरी पट्टी दिसत होती, आणि त्याचा बूट. पट्टीच्या दीड पाऊल पुढे. मागे सरकलाच नाही तो, बाई. पट्टी दिसलीच नाही त्याला. वर्ष झालं, उजव्या डोळ्यानं दिसत नाही त्याला. आधी धुकं म्हणायचा, मग आता काहीच नाही. पूर्वी कॅमेऱ्याला उजवा डोळा लावायचा, आता डावा लावतो, कुणाच्या लक्षात येत नाही. पण कॅमेरावाल्याचा दुसरा डोळा उघडा असतो ना, आजूबाजूचं बघायला, पायाखालचं बघायला — तो दुसरा डोळाच त्याचा गेलाय. मला ठाऊक होतं. मीच म्हटलं, सांगू नकोस कुणाला, तू घे शॉट, पुढचं मी सांभाळते. त्याचं जे जे बिघडून आलं ते मी शैली म्हणून खपवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही दोघं रात्री हसलो त्या लेखाला, पोट धरून हसलो. काम गेलं तर त्याच्याकडे दुसरं काय आहे, मला सांगा, त्याला दुसरं काय येतं? असं म्हणत म्हणत मी त्याला एका पोरीच्या गुडघ्यापर्यंत नेऊन सोडलं.

त्याला ठाऊक नाही मी कापलंय ते. त्याचाही समज तिनंच घाई केली असा आहे. त्याला पण हाच तुकडा दाखवला मी. दोन रात्री झोपला नव्हता, हा बघून झोपला.

रडू नका हो. नाही, तुम्ही नाही रडत, बरोबर. मीच. द्या तो कागद इकडे. नाही, फाडत नाही, तो न्या तुम्ही ऑफिसात, तसाच न्या, सही न करता. आणि ही डिस्क घ्या. यात अख्खं आहे, न कापलेलं, पाच, सहा, सात, आठ, सगळं आहे. खिडकी आहे, पट्टी आहे, बूट आहे. आवाजही आहे पुढचा. मॅनेजरच्या हातात देऊ नका, चौघांसमोर लावायला सांगा. आणि भिंगरीला आधी दाखवा, ऑफिसच्या आधी, चार वाजायला अजून वेळ आहे. तिला म्हणावं, मोजणी बरोबर होती. माझं नाव सांगा, एडिटरनं कापलं म्हणावं. मला काय विचारायचं ते मला विचारतील. त्याला मी सांगेन, घरी गेल्यावर सांगेन, तुम्ही नका सांगू.

ऐका — खालचं दार वाजलं. तोच असेल, या वेळेला येतो तो. ठेवा ती पिशवीत. आता बोलू नका काही, निघा. जिन्यात गाठ पडलीच तर थांबू नका, बाई. त्याच्या उजव्या अंगानं निघून जा. तिकडचं त्याला दिसत नाही.