एक्केचाळिसावा दिवस

रक्तपेढीच्या खिडकीतून पिशवी हातात आली, तशी आयसीयूतल्या मुलाच्या आईने तारीख वाचली.

"अहो, ही एक्केचाळीस दिवसांची आहे!"

"बेचाळीसपर्यंत चालते, ताई. जुनी आधी द्यायची, हाच नियम."

"लेकरू मरणाच्या दारात, आणि त्याला शिळं रक्त?"

"शिळं काय म्हणता?" रांगेतली मागची बाई रक्तदानाचं कार्ड घेऊन पुढे सरकली. "पिशवीवरचा नंबर जुळवा. माझ्या नवऱ्याचं आहे ते."

"वहिनी, आजही पिशवी बघायला आलात?" खिडकीतला म्हणाला.

"मग त्यांनाच बोलवा ना, ताजं देतील," आई म्हणाली.

"रक्त दिलं, आणि दुसऱ्या दिवशी शिडीवरून पडून गेले."

"अगं बाई..."

"एक सांगाल? पोरगा शुद्धीवर आला की पहिलं काय बोलतो ते. शिडीवरून मला काहीतरी सांगत होते. अर्धंच राहिलं."