किंजळीच्या चढावरचा मिल्ट्री ट्रक

ऐका. पन आधी सरकून बसा, सगळा धूर माझ्याच तोंडावर येतोय. हां. आनि मधी बोलायचं न्हाई. जो बोलंल त्याला आत्ताच्या आत्ता घरी धाडीन, एकट्याला, बिनकंदिलाचं. कबूल?

तर दौलू डायवर निघाला. दिवस पौषाचे. दिवेलागन होऊन लई येळ झालेला. गाव दारं लावून गोधडीत शिरलेलं, आनि हा बाबा एकटा ट्रक घेऊन किंजळीच्या चढाला निघाला. एकटा बरं का! सोबतीला मानूस न्हाई, कुत्रं न्हाई.

ट्रक कसला म्हनाल तर मिल्ट्रीचा. मोठी लढाई संपली, गोरं सायेब गेलं, त्यांचं ट्रक लिलावात निघालं. त्यातला एक आमच्या कुपाच्या ठेकेदारानं आनला. कूप म्हंजे सरकार तोडीला देतं त्यो जंगलाचा तुकडा, तुमी कुठनं बगनार! पावसाळ्यात तिथं रेडाबी रुततो. म्हनून दिवाळी झाली की तोड सुरू, आनि शिमग्यापातूर सगळं जळान शहराला. हिवाळाभर ते हिरवं धूड घों घों करत खाली-वर, खाली-वर. दहा चाकं! दारावर पांढरी चांदनी, निम्मी खरवडलेली. आनि गाडी उलटी. आपल्याकडं डायवर उजव्या अंगाला बसतो, ह्यात डाव्या. उजवीकडची जागा ठोकळेवाल्याची.

ठोकळेवाला माझा नवरा व्हता. गुनाजी.

असं बगू नका. ऐका. भरला ट्रक चढावर दमला की मागं घसरतो. तवा ठोकळेवाल्यानं खाली उतरून मागनं चालायचं, हातात लाकडाचा ठोकळा. डायवरनं दारावर दोन थापा मारल्या की ठोकळा चाकाखाली लावायचा. एक थाप मारली की काढायचा. त्या घरघरीत हाक कुठली ऐकू येनार? सगळा कारभार थापांवर. दोन म्हंजे लाव. एक म्हंजे काढ.

आदल्या हिवाळ्यात ह्या दौलूनं गेर पडायच्या आधी एक थाप मारली. घाई! नडली ती घाई. गुनाजी वाकला, ठोकळा काढला, आनि ट्रक मागं आला. हातभरच आला, पन दोन्ही पायांवर आला.

आनि मला येऊन काय सांगितलं ह्यानं? "वैनी, जागच्या जागी गेला. कळलंसुदीक न्हाई त्याला." असा रडला, असा रडला! म्याच त्याला पानी दिलं. म्हनलं, भावा, तुझ्या हातून घडलं, पन तू मुद्दाम केलं न्हाईस. उपकार मानलं मी त्याचं. जळ्ळं माझं तोंड!

बरं. तर त्या रातीला दौलू एकटा का? तर गुनाजीनंतर त्याच्यासंगं ठोकळा धरायला कुनी तयार न्हाई. आनि ठेकेदार म्हनला, पहाटेच्या आत माल खाली पायजे. कुपात ट्रक भरला, गडगडीत भरला, आनि निघाला.

चढाच्या पायथ्याला आला. मागच्या फळीवर थाप पडली.

थप थप.

सवय वाईट. दौलूनं करकचून बिरेक दाबला. मग त्याच्या ध्यानात आलं, अरं, मागं तर कुनी न्हाईच! बाहेर डोकं काढून बगितलं. काळोख. म्हनला, लाकूड हाललं असंल. निघाला पुढं.

निम्म्या चढावर ट्रकचा दम उखडला. आता मागं घसरनार म्हनून ह्यानं डोळं मिटलं. पन ट्रक जागचा हालंना! ना पुढं, ना मागं. दौलू उतरला, कंदील घेऊन मागं गेला. बगतो तर चाकाखाली ठोकळा. नीट लावलेला. आनि ह्याचा ठोकळा तर आत, पायाशी!

"काकी, पन तुला कसं ठावं? तू व्हतीस का तिथं?"

शिरप्या, मुडदा बशिवला तुझा! मधी बोलू नको म्हनलं व्हतं ना? त्यानंच सांगितलं मला. कवा, ते येतंय पुढं. गप बस.

तर दौलू पळत आत आला आनि दार लावून घेतलं. पुढं इंजिनातलं पानी उकळतंय, आनि आत गारठा. असला गारठा की स्टेरिंग हाताला चिकटाय लागलं. आनि उजवीकडच्या जागेवर कुनीतरी बसलेलं. अंग चोरून, हात काखेत घालून. कंदील वर केला. कमरंपातूर मानूस. खाली काय न्हाई.

"दौलू," ते म्हनलं, "घोंगडी आनलीस?"

दौलू दाराला चिकटला.

"घोंगडी आनतो म्हनलास. बैलगाडी आनतो म्हनलास. घटकाभरात येतो म्हनलास. वाट बगतोय न्हवं."

दौलूनं कडी उघडली आनि खाली उडी टाकली. चार पावलं पळाला. धडाड! वरनं एक ओंडका सुटला आनि म्होरं पडला. वळला. धडाड! दुसरा. तिसरा. चौथा. जिकडं जाईल तिकडं ओंडका. रिंगन झालं आनि हा मधी, उघड्यावर, अंगात नुसता सदरा. ह्यानं काडेपेटी काढली. म्हनला, आग बगून पळंल. काडी वडली. फू! इझली. दुसरी. फू! कानाजवळनं कुनीतरी फुकतंय.

"वड," आवाज आला. "म्याबी वडल्या. चार काड्या व्हत्या माझ्याकडं बिडीच्या. दवानं वल्या झाल्याल्या. चार गाड्या जळान पडलंय आजूबाजूला, दौलू, आनि मला एका काटकीचा जाळ मिळाला न्हाई."

पेटी संपली. दौलू गुडघ्यावर आला. "गुनाजी, तुझ्या पाया पडतो. काय पायजे तुला?"

"माझ्या बायकूला काय सांगितलंस?"

दौलूनं तोंड हातांनी झाकून घेतलं.

"काय सांगितलंस?"

"जागच्या जागी गेला म्हनलो."

मग म्हनं त्यो ओरडला. असा ओरडला की झाडावरली पाखरं उडाली. "रातभर हाका मारल्या! रातभर जित्ता व्हतो! जा, तिला सांग. तांबडं फुटायच्या आत सांग. न्हाईतर हितंच बस माझ्या जागी."

आनि ट्रकच्या दारावर थाप पडली. एकच.

काढ!

दौलूला उमगलं. ठोकळा त्यालाच काढायचा व्हता, त्याच चाकामागं वाकून. ओंडका ओलांडून गेला आनि वाकला. दोन्ही हातांनी ठोकळा उपटला आनि अंग बाजूला फेकलं. चाक त्याच्या पायतानाला घासून गेलं! ते दहा चाकाचं धूड जळानासकट मागं सुटलं आनि कडाकडा मोडत दरीत गेलं. मग हा पळाला. तीन कोस पळाला. कुठं दम खायाला थांबला की पाठीवर थाप. थप थप. की पळ!

मी चूल पेटवत व्हते. दार वाजलं. दारात दौलू. ओठ निळं, दातावर दात वाजतायत. "वैनी, जाळाजवळ बसू दे. मरतोय थंडीनं."

म्या बसवला. लाकूड सारलं म्होरं. आनि मग त्यानं सगळं सांगितलं. त्या आदल्या साली ट्रकात कुपाबाहेरची चोरून तोडलेली झाडं व्हती म्हनून दवाखान्याकडं वळला न्हाई. त्या वाटंवर जंगलखात्याचा नाका, तिथं धरलं असतं. गुनाजीला वाटंच्या कडंला पाचोळ्यात ठेवला. खाली जाऊन माल उतरवला. ठेकेदार म्हनला, आता राती कुठं जातोस, सकाळी बगू. आनि हा झोपला. झोपला वो, घोंगडी पांघरून!

म्या इचारलं, "सकाळी गेलास तवा कसा व्हता?"

खाली मान घालून म्हनला, "वैनी, हात अजून ऊन व्हते."

मी उठले. पान्याची घागर उचलली आनि अख्खी चुलीत वतली. सगळा धूर झाला. दाराला बाहेरनं कडी घातली आनि उंबऱ्यावर बसले, दिस चांगला वर येईपातूर. आत त्याचं दात वाजत व्हतं, मला ऐकू येत व्हतं. हाका मारत व्हता. तवर म्या कडी काढली न्हाई.

मेला न्हाई त्यो. भुताच्या हातनं सुटला, माझ्या हातनंबी सुटला. मुलूख सोडून गेला. वैशाखातबी घोंगडी पांघरून बसायचा म्हनत्यात.

मग गावानं मला सांगितलं, सोना, त्या चढाला नारळ फोड, कोंबडं दे, गुनाजीला शांत कर. पुजारीबी येऊन गेला. म्या न्हाई म्हनलं. बत्तीस वरसं झाली, अजून न्हाई म्हनते. ठेकेदार हाय अजून. म्हातारा झालाय, पन हाय. एक ना एक दिवस त्याला त्या वाटंनं जावं लागंल.

म्हनून सांगते, पोरांनो, किंजळीच्या चढानं जाऊ नका. हिवाळ्यात तर न्हाईच. अंधारात त्याला आपला कोन, परका कोन कळत न्हाई. आनि मी काय त्याला गप बस म्हनून सांगनार न्हाई.